अर्ध्या शेपटीचा उंदीर

हे सांगणार नाही असं मी ताईला कबूल केलंय, म्हणून आईजवळ बोलू नका.

ताई मुंबईत फार्माकॉलॉजी शिकते, नवी औषधं उंदरांवर तपासते. दिवाळीला ती घरी आली, तेव्हा कणगीजवळच्या पिंजऱ्यात अर्ध्या शेपटीचा उंदीर सापडला.

"बुडव बादलीत," आई म्हणाली. "तुझं तर रोजचंच काम!"

ताईने पिंजरा बांधावर नेऊन गुपचूप उघडला.

"तिकडे मारतेस ना?" मी विचारलं.

"तिकडे मेला तर का मेला ते लिहून द्यावं लागतं. याचं काय लिहू, भात खाल्ला म्हणून?"

काल ताई गेली. आज पिंजऱ्यात पुन्हा तोच सापडलाय. बुडवायचं काम आता माझ्याकडे आलंय, आणि मला ताईसारखं गुपचूप बांधावर—

"मने, बादली भरली! पिंजरा आण गं!"