सांबाराची वाडी

हुशार पोट्ट्याईचं कौतुक मले सांगूच नका. माह्या वर्गात एक प्रवीण होता. पहिला नंबर त्याचा, अक्षर मोत्यासारखं, शर्टाले कधी शाईचा डाग नाई. माय मले रोज म्हणे, "त्या प्रवीणच्या पायाचं तीर्थ घे जरासं."

आठवीच्या उन्हाळ्यात हा पुण्याले मावशीकडं गेलता. महिन्याभरात आला तं 'मला-तुला' करत. मी डब्यातल्या भाजीवरच्या सांबाराले सांबार म्हटलं, का हा लगेच टोके, "सांबार इडलीसोबत असतं रे. याला कोथिंबीर म्हणतात." आन् याच्या बापाची केळापूरले सांबाराचीच वाडी! सारा बाजार त्याईच्याच जुड्या नेये.

मंग आलं गॅदरिंग. पाहुण्याईपुढचं भाषण मले पाहिजे होतं, पन हेडसरनं ते देल्लं यालेच. तिकडं पाहुण्याईसाठी पोहे झाले. सर म्हणे, "प्रवीण, पळत जाय, सांबार आन आन् पोह्यावर टाक." मी उठलो तं म्हणे, "तू बस. तुले नाई जमत."

बेट्यानं इडलीच्या गाडीवरून डबाभर गरम सांबार आनलं आन् सरळ पोह्याच्या गंजात ओतलं. पोह्याचा पार चिखल.

सरनं त्याच्या हातातला भाषणाचा कागद हिसकून माह्या हाती देल्ला आन् वरडले, "अबे, तुह्या बापाची सांबाराची वाडी हाय न बे!"

प्रवीणनं काय म्हणावं?

"नाही सर. ती कोथिंबिरीची आहे."