आज कोण आलं नाही?

मागे उभे आहात त्यांनी पुढे या. सतरंजी रिकामी पडलीये. बायांनो, भिंतीला काय चिकटलात? या, इथे बसा. आज मानपान नाही, आणि खुर्ची कोणालाच नाही. मलाही नाही.

गावितभाऊ, ताई, तुम्ही साक्री तालुक्यातून एवढ्या लांब आमच्या गावात आलात. लेकीला माती देऊन तुमचे डोळे अजून कोरडे झाले नसतील. तुमच्यासमोर उभं राहून एस्तेरबद्दल बोलायचं म्हणजे जीभ जड होते. मी या गावाची सरपंच, मला सगळे इंदूअक्का म्हणतात. ग्रामसभेत मी कोणाला बोलू देत नाही अशी माझी तक्रार वर तालुक्यापर्यंत गेलेली आहे. पण आज सकाळपासून आरशासमोर उभी राहून बोलून बघितलं, तर पहिल्याच वाक्याला पदर डोळ्याला लावावा लागला.

म्हणून मी ठरवलं की रडायचं नाही. रडणं घरी जाऊन करू. मला तुमच्या लेकीचा अभिमान आहे, भाऊ, आणि तो मला आज माईक नसला तरी मोठ्या आवाजात सांगायचाय.

आणि एक काम पण आहे. ते शेवटी सांगितलं तर अर्धे लोक उठून गेलेले असतील, मी ओळखते माझ्या गावाला. आत्ताच सांगते. भिल वस्तीसमोर मुकादमाचा ट्रक येऊन उभा आहे. उद्या सकाळी तो ऊसतोडीला निघणार. गेली काही वर्षं त्या ट्रकात फक्त आईबाप चढायचे, पोरं इथे शाळेत राहायची. यंदा पोरांचीही बोचकी बांधलीत. का? तर एस्तेर मॅडम नाहीत. ती दिवाळीच्या सुट्टीत घरी गेली, कावीळ झाली, धुळ्याच्या दवाखान्यात नेली, आणि परत आलीच नाही. तिशीसुद्धा गाठली नव्हती पोरीने. आणि तिच्यामागे पहिलं काय मोडायला निघालंय, तर तिनेच उभं केलेलं काम. एवढं ध्यानात ठेवा आणि मग ऐका.

ती गावात पहिल्यांदा आली तो दिवस मला आठवतो. पाठीवर सॅक, एका हातात कुकर, दुसऱ्या हातात गादीची वळकटी. एसटीतून उतरली आणि मलाच विचारते, "अक्का, शाळा कुठे?" मी म्हटलं, आधी खोली बघशील की शाळा? तर म्हणाली, "शाळा. खोली काय पळून जात नाही." तेव्हाच मी मनात म्हटलं, ही टिकणार.

मग गावात सुरू झालं. मॅडम ख्रिश्चन आहे. मॅडम काय खाते? देवळासमोरून जाताना काय करते? रविवारी सकाळच्या गाडीने जळगावला कुठे जाते? अरे, चर्चला जाते! सकाळी जायची, प्रार्थना करायची, तिथेच मेहरूण भागात मैत्रिणीकडे जेवायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत. एवढंच. भांडी घासताना हळू आवाजात गाणी म्हणायची, देवाची. आमच्या सासूबाई शेजारच्या ओट्यावर बसून ती ऐकायच्या आणि म्हणायच्या, चाल चांगली शे, फक्त टाळ नही.

शाळेत मात्र तिने कधी स्वतःचा देव कोणाच्या माथी मारला नाही. दुपारी खिचडी वाढली की पोरं नेहमीचा श्लोक म्हणायची. ती हात जोडून उभी राहायची. श्लोक संपला की एक क्षण डोळे मिटायची आणि मग म्हणायची, "जेवा." बस. पण पोरं ती पोरं. तिचं बघून तीपण डोळे मिटायला लागली. झालं! आमच्या संजूभाऊच्या घरी त्याचा पुतण्या ताटासमोर डोळे मिटून बसला आणि संजूभाऊ तडक ग्रामसभेत.

संजू, मान खाली घालू नको. तू नाही म्हणालास का, "मॅडम पोरांना बाटवते" असं? म्हणालास. मग पुढचं पण ऐक.

मी भर ग्रामसभेत तिला बोलावलं. म्हटलं, मॅडम, सगळ्यांसमोर सांगा, ताटावर डोळे मिटून तुम्ही काय पुटपुटता? दुसरी कोणी असती तर घाबरली असती, नाहीतर चिडली असती. ही शांत. म्हणाली, "अक्का, घरी आम्ही जेवणाआधी देवाचे आभार मानतो, ते मी मनात मानते. पण माझं बघून पोरंही डोळे मिटायला लागली, तेव्हा त्यांना मी एकच सांगितलं. डोळे मिटा आणि आज कोण आलं नाही त्याचं नाव मनात घ्या. आपण जेवतोय तेव्हा तो काय करत असेल याचा विचार करा. मग जेवा."

मग ती संजूकडे वळून म्हणाली, "भाऊ, परवा तुमचा पुतण्या तापाने आला नव्हता. पोरांनी त्याचंच नाव घेतलं होतं. शाळा सुटल्यावर आम्ही सगळे त्याला बघायला आलो होतो ना? तुम्हीच चहा दिला होता."

खोटं होतं का? चहा तर त्यानेच दिला होता!

हा तिचा नियम होता, लोकहो. नाव घेतलं की घरी जायचं. नुसतं मनात नाव घेऊन तिचं भागत नव्हतं. जो आला नाही त्याच्या दारात शाळा सुटल्यावर एस्तेर मॅडम हजर. कापूस वेचायला गेलेला असो, बहिणीला सांभाळत असो, नाहीतर नुसता आळशीपणा असो. आळशीपणावाल्यांना ती घरापर्यंत येण्याची फार लाज वाटायची, ते दुसऱ्या दिवशी घंटेच्या आधी शाळेत. मी तिला एकदा म्हटलं, बाई गं, एवढ्या पोरांमध्ये एखादं नाही आलं तर काय बिघडलं? तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी भलतंच बोलले. म्हणाली, "अक्का, आमचा देव त्या एका हरवलेल्या मेंढरासाठीच तर बाकीच्यांना सोडून निघतो. मला दुसरं काही शिकवलेलंच नाही."

आणि मग पहिल्या दिवाळीनंतर तिने बघितलं, वस्तीतली सगळीच पोरं गैरहजर. अर्धा वर्ग रिकामा. ती त्या दिवशी ताटासमोर डोळे मिटून उभीच राहिली. पोरांना कळेना कोणाचं नाव घ्यावं. घरी जायचं तर घरांना कुलपं. सगळे ऊसतोडीला.

पुढच्या वर्षी ट्रक यायच्या आधी ही बाई गावात दारोदार फिरली. काय मागत होती? वर्गणी नाही. जागा. तुमच्या घरात एक पोर ठेवा, आईबाप परत येईपर्यंत. तुमची पोरं जेवतील ते जेवेल, तुमची झोपतील तिथे झोपेल. अभ्यासाचं मी बघते. पाटलांच्या घरी भिलाचं पोर! विचार करा. गावाने काय काय ऐकवलं तिला. तिने ऐकून घेतलं आणि पुढच्या दाराची कडी वाजवली.

पहिली मुलगी आमच्याकडे आली. दुर्गा. सुनीताची दुर्गा, केवढीशी होती. आता माझ्या सासूबाई इथेच बसल्यात, त्यांच्यासमोर सांगते. माझ्या सासूबाई कडक. त्यांनी दुर्गासाठी वेगळी ताटली काढली, जर्मनची, कडेला चेपलेली. ओट्यावर वेगळी ठेवायच्या. माझं आणि त्यांचं त्यावरून वाजायचं रोज, पण ताटली काही हलेना.

एक दिवस एस्तेर दुर्गाचा अभ्यास बघायला आली. जेवायची वेळ. सासूबाईंनी तिलाही आग्रह केला. पानं मांडली. हिने इकडे तिकडे बघितलं, आणि ती चेपलेली ताटली हळूच स्वतःपुढे ओढली. आपलं ताट दुर्गासमोर सरकवलं. सासूबाई म्हणाल्या, अगं, ती तुझी नाही. तर आमची एस्तेर म्हणते, "आजी, मी पण बाहेरचीच की. मला यातच वाढा." आणि आमच्या अहिराणीत, तेही चुकत चुकत, "मना देव बी बाहेरनाच शे."

सासूबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. वाढलं. पण दुसऱ्या दिवसापासून ती ताटली मला दिसली नाही. बऱ्याच दिवसांनी दिसली, अंगणात कोंबड्यांना पाणी ठेवायला.

असं आमच्या घराचं झालं, आणि मग एकेक करून गावाचं झालं. कोणाला भाषण दिलं नाही तिने. कोणाला लाजवलं नाही. नुसती येऊन बसायची.

आता तुम्ही म्हणाल, अक्का, सगळी शाबासकी तिलाच? आपण काहीच नाही केलं? केलं ना. आपण तिला गुड फ्रायडेचे मांडे खाऊ घातले!

हसा, हसा. ताई, तुम्हीपण हसा, तिने तुम्हाला सांगितलंच असेल. शाळेला सुट्टी, मॅडमच्या धर्माची. आपल्याकडे सुट्टी म्हणजे सण. आम्ही सगळ्या बायांनी ठरवलं, पोरगी घरापासून लांब आहे, तिचा सण कोरडा जायला नको. पुरण शिजवलं, माझ्या अंगणात चुलीवर मातीचं खापर चढवलं, हातावर एवढे मोठे मांडे केले. वर तूप, सोबत ओरपायला तिखट रशी. नवी साडी नेसून आम्ही वाजतगाजत तिच्या दारात! दार उघडलं तर ही पांढऱ्या साडीत, चेहरा उतरलेला, सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. त्यांच्या देवाला क्रुसावर खिळलं तो दिवस. आणि आम्ही म्हणतोय, मॅडम, सणाच्या शुभेच्छा!

दुसरी असती तर? हिने आमच्या डोक्यावरची टोपली उतरवून घेतली. आम्हाला बसवलं. म्हणाली, "अक्का, आज आमच्याकडे सुतक आहे असं समजा. मी आज खाणार नाही. पण रविवारी तो उठतो. रविवारी मांडे करा, मी पोटभर खाईन. हे आज वस्तीत वाटू या." मग तीच उपाशीपोटी आमच्यासोबत वस्तीत हिंडली, आणि प्रत्येकाच्या हातात मांडा ठेवताना तोंडभर हसत होती.

रविवारी आम्ही परत खापर चढवलं. तेव्हापासून दरवर्षी तिच्या त्या रविवारी या गावात मांडे होतात. जळगावहून चर्च करून ती यायची तेव्हा अख्खी वस्ती आणि अख्खं गाव माझ्या अंगणात. गावितभाऊ, ईस्टरला खापर चढवणारं गाव तुम्ही दुसरीकडे कुठे बघितलंय का? आम्हाला त्याचा फार रुबाब आहे.

तर असं आपलं माणूस होतं. आता कालचं सांगते.

काल सुनीता माझ्या दारात आली. दुर्गाची आई. दुर्गा यंदा सातवीत, वर्गात पहिली. सुनीता उंबऱ्यावरच उभी. म्हणाली, "अक्का, आते मॅडम नही शे. पोरले कोना भरोसावर ठेवू?"

मी सरपंच. मी सगळ्यांना उत्तर देते. मला सुनीताला उत्तर देता आलं नाही. कारण ती खोटं बोलत नव्हती. पोरं आपण ठेवत होतो, पण सुनीताचा भरोसा आपल्यावर नव्हता, एस्तेरवर होता. तिला माहीत होतं, तिची लेक एक दिवस जरी दिसली नाही, तर संध्याकाळी एस्तेर दारात येऊन उभी राहील. आता कोण उभं राहणार?

सुनीता तशीच परत गेली. आज बघा जरा मागे वळून. बघा ना. सगळं गाव बसलंय, पाटील आहेत, बौद्धवाड्यातले सगळे आहेत, शेजारच्या गावचे गुरुजी आहेत. वस्तीतलं कोण आहे? एकही माणूस नाही. ज्यांच्यासाठी तिने पायातल्या चपला झिजवल्या, तेच नाहीत. त्यांना दुःख नाही असं नाही. ते बोचकी बांधतायत. आणि आपल्यासमोर कसं यावं हे त्यांना कळत नाही.

आज सकाळी मी उठले तर अंगणात दोरीवर दुर्गाची गोधडी वाळत घातलेली. मी नव्हती घातली. सासूबाईंनी घातली होती. मी बघितलं तर म्हणाल्या, बघत काय राहिली? थंडी पडाले लागनी. पोर येईल ना.

त्या पंच्याहत्तरी गाठलेल्या बाईला जे कळलं ते आपल्याला कळायला नको? एस्तेर एकटी होती, परक्या गावात, आणि तिने करून दाखवलं. आपण एवढे आहोत. आणि घर तर आपलं स्वतःचं आहे.

संजू, काय रे? हात वर केलास? मोठ्याने बोल, मागच्यांना ऐकू येत नाही. दोन? दोन पोरं ठेवशील? आणि रोज शाळेत सोडशील? ऐकलं ना सगळ्यांनी. भाऊ, ऐकलंत? हा तोच, बाटवणारी म्हणणारा. मला आज याचाही अभिमान वाटला.

बास. मला आता जास्त बोलवणार नाही. चला, उठा सगळे. तिच्यासाठी शांत उभे राहू, पण तिच्या पद्धतीने. हात जोडा, डोळे मिटा. तुमच्या देवाचं नाव घ्या, ज्याचा जो असेल तो. आणि मग आज कोण आलं नाही, त्याचं नाव मनात घ्या. सगळ्यांच्या तोंडी आधी तिचंच नाव येईल. येऊ द्या. पण तिथे थांबू नका. सुनीताचं घ्या. दुर्गाचं घ्या. वस्तीतल्या एकेका घराचं घ्या.

आणि डोळे उघडले की कोणी आपल्या घरी जायचं नाही. चपला घाला आणि माझ्यामागे वस्तीकडे चला. गावितभाऊ, ताई, तुम्ही सगळ्यांच्या पुढे. तिथे दारात जाऊन उभं राहायचं. नाव घेतलं की घरी जायचं, तिचा नियम आहे.

एस्तेर, माझी माय, ये आमच्यासोबत.

मिटा डोळे.