भाताचा नवस

दमयंती : म्हणजे दिवस गेलेले नाहीत?

सानिका : नाही, आई. रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीसुद्धा केली.

दमयंती : मग गणपतीनंतर पाळी नाही ती कशानं गो? माझा गौरव बोटीवर गेला तेव्हापासनं. मी आपली मनात धरून बसले होते. तुला डोहाळे लागतील म्हणून लोणच्याची बरणीही वेगळी ठेवली.

सानिका : दिसली होती मला. मीही तेच धरून बसले होते.

दमयंती : काय म्हणाल्या त्या?

सानिका : माझ्या अंगात चरबीच उरली नाही म्हणाल्या.

दमयंती : ती कशाला हवी? बाई हलकी असलेली बरी.

सानिका : थोडी लागतेच. ती रक्तातून डोक्याला निरोप धाडते, लेप्टिन म्हणतात त्याला. घरात तांदूळ आहेत, पोर आलं तर निभेल, असा. मग डोकं अंडाशयाला कामाला लावतं. माझा निरोप पोचतच नाही. डोक्याला वाटतं, या घरात खायला नाही.

दमयंती : आपल्या घरात? कणगी भरलेली आहे.

सानिका : भरलेली आहे. पण शिमग्यापासून मी एकवेळ जेवते, तेही भाताशिवाय.

(दमयंती चुलीवरचं भांडं उतरवते.)

दमयंती : नवस मी बोलले, मूल होईपर्यंत सून भात सोडील, एकवेळ जेवील म्हणून. गुरवानं देवीपुढे गाऱ्हाणं घातलं तेव्हा तुला विचारलंही नाही.

सानिका : मला मूल हवंच होतं. तुम्ही पाणी सोड म्हणाला असता तर तेही सोडलं असतं. आई, पूर्वी पाळी आली की मी न्हाणीत जाऊन रडायची. आता वाटतं, एकदा तरी यावी.

दमयंती : आजपासून जेव.

सानिका : आणि नवस? हे दर्यावर आहेत. एसटीत बसल्यापासून तेच डोक्यात आहे. तिकडे काही झालं तर?

दमयंती : माझ्याही मनात तेच आलं. खोटं कशाला बोलू.

सानिका : मग?

दमयंती : देवीला शब्द मी दिला, तो बदलायलाही मीच जाईन. गुरवाला सांगते, सुनेच्या जागी सासूचं नाव घे. भात मी सोडला.

सानिका : तुम्हाला ताप आला तरी पेज लागते.

दमयंती : लागते. म्हणून तर देवी ऐकेल.

सानिका : जेवले तरी महिने लागतील म्हणाल्या डॉक्टरीणबाई. पाळी आली तरी मूल होईलच, असंही नाही.

दमयंती : नसेना. तू उपाशी राहून आलेलं नातवंड मला मांडीवर घेववलं नसतं. बस पानावर.

सानिका : गुरवाकडे उद्या जाणार ना? मग आज तुम्हीही घ्या भात, माझ्याबरोबर.

दमयंती : बरं, घेते. आणि ती बरणी काढ बाय, तुझ्यासाठीच ठेवलीय.