दिव्याखालची जागा

नाही, थांबा — पिशवी खाली ठेवा आधी, आणि हात वरून घालू नका. वरून हात आला की त्याला घार आल्यासारखं वाटतं. बाजूनं, सावकाश... हां. तुमच्याच दुकानातला सरडा, तुम्हाला मी काय शिकवणार म्हणा, पण इथं आल्यापासून त्याच्या सवयी बदलल्यात. बसा ना. मुलगा आंघोळीला गेलाय, येईलच. त्यानंच फोन केला ना तुम्हाला — आजारी आहे, परत घेऊन जा म्हणून? आजारी नाही हो तो. याला मी बारक्या म्हणतो. आणि तो दिव्याखाली गळ्याखालची दाढी काळी करून पसरलाय ना, तो साहेब. बारक्या आधीचा बरं का. ही काचेची पेटी त्याचीच. मुलाला वाटलं, दिवसभर एकटा कंटाळत असेल, सोबत होईल, म्हणून तुमच्याकडून हा साहेब आणला. तेव्हा दोघं अंगानं सारखेच होते. आता बघा.

पहिले काही दिवस कसं, दिव्याखाली एकाच्या पाठीवर एक. सून म्हणाली, किती माया आहे बघा दोघांत. मलाही तसंच वाटलं — खोटं कशाला बोलू. पण मला दुसरं काम काय? स्टूल टाकून बसायचं आणि बघत राहायचं. बघता बघता लक्षात आलं, वर रोज साहेबच. ऊब वरून येते, ती वरच्याला मिळते. खालच्याच्या वाट्याला वरच्याची सावली. आणि ऊब नाही मिळाली तर खाल्लेलं पचत नाही यांना, हे तुम्हीच तर सांगितलं होतं. मग बारक्या हात वर करायला लागला — असा एकच हात, हळू, गोल फिरवून. मुलगा म्हणाला, बाबा, टाटा करतोय. मोबाईलवर काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. टाटा कसला? साहेबानं नुसती मान हलवली की हा हात वर करतो. मी लहान आहे, मी बाजूला होतो, एवढंच म्हणत असतो तो.

म्हणून मग मी वेळा बांधून घेतल्या. सकाळी दिवा लावायचा, अंग तापू द्यायचं, साहेबाला चिमट्यानं रातकिडे द्यायचे, आणि तो खाण्यात गुंतला की बारक्याला उचलून न्हाणीघरात, बादलीत. तिथं खातो बिचारा. मग तासभर खिडकीत उन्हाला. पेटीत नाही खात. समोर किडा फिरतो तरी नाही. साहेब चावतो म्हणून? छे, एकदाही चावला नाही. नुसता बघतो. बघत असला तरी याच्या घशाखाली घास उतरत नाही.

तसं साहेबाचाही दोष नाही. आता आमच्या विहीणबाईंचंच घ्या — सुनेच्या आई. पडल्या, पाय दुखावला, म्हणून इकडे आणलं. मुलगा म्हणाला, बाबा, तुम्हालाही सोबत होईल. बाई चांगल्या आहेत हो, तोंडातून वावगा शब्द नाही. स्वयंपाकघरात खिडकीजवळ एक खुर्ची आहे, सकाळचं ऊन येतं तिथं, मी बसायचो. त्यांच्या गुडघ्याला ऊन लागतं. बरोबरच आहे. आता त्या आल्या की मी आपला अर्धा उठतो — बसा, बसा — हात आपोआप वर जातो माझा. जेवताना काही म्हणत नाहीत, मी किती वाढून घेतलं तेवढं बघतात. मग मी ताट इकडेच आणतो. बारक्या बादलीत, मी दारात स्टुलावर. दोघांचं बरं चालतं... कधी चालतं, कधी तसंच राहतं.

मुलाला म्हटलं, पेटीत मधे फळी घालू, दुसरा दिवा लावू. म्हणाला, एवढ्याशा पेटीत दोन संसार कसे मांडणार, आणि मोठी ठेवायला घरात जागा कुठंय? खरंय त्याचं. एकाला जावं लागणार. मग साहेबाला का नाही, म्हटलं. तर म्हणाला, बाबा, तो खातोपितो, रुळलाय इथं. जो खात नाही त्यालाच पाठवायला हवं ना.

मी काय म्हणतो — तुमच्याकडे याला वेगळी पेटी द्याल? लहान चालेल. पण एकट्याला, आणि दिवा त्याचा स्वतःचा. पुन्हा कुणाची सोबत नको. द्याल ना? हे बघा, शेपटीच्या मुळाशी बोट लावा, हाडं लागतात...

काय? हा कमरेचा पट्टा? काही नाही, भोक मीच पाडलं, खिळ्यानं. जुनं चामडं आहे, सैल पडतं. नाही हो, मी जेवतो व्यवस्थित. माझं काय मधेच.

पाणी बंद झालं. येईल आता तो. त्याला यातलं काही बोलू नका, उगीच जिवाला लावून घेईल. बारक्याला नीट ठेवलंत ना? झाकण लावा, हळू —

माझ्यापुढं कशाला हात वर करतोस रे.

जा तुम्ही. दार मी लावून घेतो.