ताईची खोली, दोन पिल्लं

ताई: खोकं डिकीत नको, मागच्या सीटवर ठेव. गुदमरतील बिचारी.

भाऊ: ताई, सुट्टीचा दिवस, झाडाखाली बसू, डबा खाऊ, मोकळी हवा घेऊ, एवढंच ठरलं होतं ना? मांजरांचा विषय आला कुठून?

मळेवाली: गवताच्या गंजीमागून आला, डॉक्टर. तिथेच व्यालीय आमची मनी. तुमच्या ताई सकाळपासून तिथून हलल्यात कुठे!

भाऊ: बरं, मग एक पुरे. दोन कशाला?

मळेवाली: एकटं मी देत नाही. रडून रडून घर डोक्यावर घेतं, मग घेणारा आणून टाकतो परत. न्यायची तर जोडी न्या, नाहीतर राहू द्या.

ताई: जोडीच नेणार.

भाऊ: अगं, तुझ्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. सगळीकडे फाटक्या पुस्तकांचे ढीग, आणि बांधणीच्या खळीचं पातेलं कायम उघडं. त्यात मोरचूद घालतेस ना तू? विष आहे ते. या दोघांनी तोंड घातलं तर?

ताई: आजपासून नाही घालणार.

भाऊ: मग उंदीर येतील की खळ खायला!

ताई: येऊ देत. त्यांचा बंदोबस्त खोक्यात बसलाय.

भाऊ: हसू नका हो बाई तुम्ही! ताई, नीट ऐक. माझ्याकडे राहायला आलीस की यांचं काय? तुझ्या भावजयीला मांजराच्या केसांनी दमा उठतो, माहीत आहे ना?

ताई: चांगलं माहीत आहे.

भाऊ: मग?

ताई: म्हणूनच नेतेय. तुझ्याकडे येणार नाही, हे सांगून सांगून जीभ दुखली माझी. दिवसभर लोकांना आ करायला लावतोस, दात बघतोस. माणूस बोलतोय काय, ते ऐकायची सवयच राहिली नाही तुला.

भाऊ: आता उशीर झालाय, ताई.

ताई: कसला उशीर?

भाऊ: मी तुझ्या घरमालकांना सांगून टाकलंय. महिनाअखेर खोली रिकामी करतोय म्हणून.

ताई: मला न विचारता?

भाऊ: विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस.

ताई: म्हणजे उत्तर ठाऊक होतं तुला!

मळेवाली: मी चहाचं आधण ठेवते. तुमचं चालू द्या.

भाऊ: ताई, तापाने फणफणून पडली होतीस तू. आणि मला कळलं कुणाकडून? पोस्टमनकडून! दार फोडून आत यावं लागलं मला. तसं दार मला पुन्हा फोडायचं नाही.

ताई: अरे वेड्या, मग हे बोलायचं ना! सकाळपासून गोड गोड बोलतोयस, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. भीती वाटते, एवढं सरळ सांगता येत नाही?

भाऊ: वाटते भीती. झालं समाधान?

ताई: मलाही वाटते. पण तुझ्या घरी मी करू काय? खिडकीशी बसून तुम्ही दोघं कामावरून कधी येता याची वाट बघू? इथे सकाळी उठले की टेबलावर कुणाचं तरी उसवलेलं पुस्तक असतं. ते पुरं करायचंय म्हणून मी उठते रे. ते नको काढून घेऊस.

भाऊ: मी काढून घेतोय असं वाटलंच नाही मला.

ताई: आता कळलं ना? लाव घरमालकांना फोन. इथेच, माझ्यासमोर.

(भाऊ फोन कानाला लावतो.)

भाऊ: काका, मी बोलतोय. ताई खोली सोडत नाहीये. नाही नाही, तिने शब्द फिरवला नाही, तिने दिलाच नव्हता. मीच परस्पर बोललो, चुकलं माझं. आणि काका, तिच्याबरोबर दोन मांजरं येतायत. हो, दोन. चालेल? बरं बरं, सांगतो तिला.

ताई: काय म्हणाले?

भाऊ: मधूनमधून खालीही पाठव म्हणाले. त्यांच्याकडेही उंदीर झालेत.

मळेवाली: चहा घ्या. आणि पिल्लांना गाईचं दूध नका पाजू हं, पोट बिघडतं. आधी पाणी दाखवा, मग मऊ भात.

ताई: करते तसं. तू चहा घे ना, निवतोय.

भाऊ: पुन्हा ताप आला तर, ताई?

ताई: तुला फोन करीन. माझा सगळा ताठा बाजूला ठेवून करीन. पण मला न्यायला येऊ नकोस. बसायला ये.