स्पॅनिश चांदी आणि वहिनींचं जोडवं

देवाशपथ सांगतो, हे मी अगदी जवळून पाहिलंय. म्हणजे मी पार्किंगमध्ये गाडीत बसलो होतो, पण काच खाली होती.

दुबईत अल कुसैसला आमचा मित्र सुहास राहतो. पूर्वी इथे मोत्यांचा व्यापार स्पॅनिश चांदीच्या नाण्यांत चालायचा, असं कुठंतरी वाचून त्यानं वाळूतला धातू शोधायचं मशीन घेतलं. दर रविवारी बीचवर जायचा आणि कोल्ड्रिंकची बुचं घेऊन यायचा.

एका रविवारी त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, सोबत गेल्या आणि त्यांच्याच पायातलं चांदीचं जोडवं वाळूत पडलं. सासूबाईंनी लग्नात गावच्या सोनाराकडून खास घडवून घेतलेलं, आणि सासूबाई दुसऱ्याच दिवशी रत्नागिरीहून येणार!

"मशीनला आधी चांदी ओळखू दे," म्हणत सुहासनं गुडघे टेकले आणि वहिनींच्या दुसऱ्या पायावर मशीन धरलं. ते जोरात केकाटलं.

बीचवरचा पठाण सिक्युरिटीवाला धावत आला. "भाईसाब, भाभीजी के पाँव में खजाना है क्या?"

वहिनी कडाडल्या, "मशीन कसलं लावताय? त्यापेक्षा पाया पडा, तेवढंच पुण्य!"

शेवटी ऊन उतरता उतरता मशीन वाजलं आणि जोडवं सापडलं.

बरं, तुमच्यापासून काय लपवायचं? सापडलं, एवढंच मी रचलंय. जोडवं गेलं ते खलास. सासूबाई महिनाभर राहिल्या आणि वहिनी ऐन जुलैत घरभर मोजे घालून फिरल्या.

सासूबाई गावी जाऊन अजून सांगतात, "दुबईला काय थंडी गं बाई!"