कन्याशाळेचा दर्शनी भाग

हेलन : पंकजा, अगं आतली शाळा कुठाय?

पंकजा : हेलनबाई, दारात उभ्या राहू नका. आधी बाहेर या. रस्ता ओलांडून पलीकडे चला.

हेलन : दार ढकललं तर समोर एकदम आभाळ! जिना नाही, वर्ग नाहीत, प्रार्थनेचा हॉल नाही. बाहेरून तर सगळं होतं तसंच दिसतंय गं. मी रिक्षावाल्याला म्हटलंसुद्धा, बघ, आमची शाळा वाचली.

पंकजा : वाचवायचा ठरला होता तो दर्शनी भाग, बाई. मागे दुकानांची नवी इमारत.

हेलन : दर्शनी भाग म्हणजे पुढचे वर्ग ना? ऑफिस, व्हरांडा?

पंकजा : पुढची भिंत. फक्त भिंत.

हेलन : मी दारोदार फिरले, उपोषणाला बसले, ते एका भिंतीसाठी? आणि ह्या नव्या इमारतीचा नकाशा काढलास तू. ह्याच शाळेत मी तुला शिकवलं. मला सांगावंसं नाही वाटलं?

पंकजा : तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग तुम्ही श्रीरामपूरला लेकीकडे... खरं सांगू? धीरच झाला नाही. पण ते राहू द्या आता. कमानीच्या वर बघा.

हेलन : भेग आहे ती?

पंकजा : सकाळी बोट जात नव्हतं, आता हात जातो. आधी लोखंडी आधार, मग मागचं पाडायचं, असं ठरलं होतं. मी पुण्याला गेले, तेवढ्यात ठेकेदारानं जेसीबी घालून सगळं साफ केलं. भिंतीला मागून कशाचाच टेकू नाही.

हेलन : मग लाव की टेकू!

पंकजा : क्रेन निघालीय, पण पोचली पाहिजे. पोलिसांनी आत्ताच दोन्हीकडून रस्ता अडवलाय. फक्त चांगुणामावशी उठत नाहीत.

हेलन : फुलवाली? अजून भिंतीखालीच बसलीय? ए चांगुणा, ऊठ तिथून!

चांगुणा : आता गं बया! बाई, तुमीबी त्या ठेकेदाराच्या बाजूला गेल्या व्हय?

हेलन : कुणाच्याही बाजूला नाही. ऊठ आधी.

चांगुणा : लई दिस झालं, त्यो मला हुसकतोय. आज भिंतीचं निमित्त काढलंय. शनवार हाय, मारुतीच्या माळा गुंफायच्यात. मी न्हाई उठायची.

हेलन : भिंत पडतेय, चांगुणा.

चांगुणा : कशाची पडतीया! तुमीच पेढा दिल्ता ना मला? म्हनाल्ता, ह्या भिंतीला आता कुनी हात लावायचा न्हाई, तू बिनघोर बस.

हेलन : म्हणाले होते. पण मागं शाळाच नाही गं. त्या दाराआड काहीच नाही.

चांगुणा : न्हाई म्हंजी? येवढी मोठी शाळा?

हेलन : पाडली सगळी.

चांगुणा : मंग ही भिंत कशाच्या जिवावर उभी हाय?

पंकजा : कशाच्याच नाही, मावशी. बाई, तुम्ही तिकडे जाऊ नका! बाई!

हेलन : दे हात. ऊठ.

चांगुणा : फुलांची पाटी तरी घिऊ द्या...

हेलन : राहू दे म्हणते ना! पळ!

(प्रचंड कडकडाट. रस्ताभर धूळ.)

पंकजा : बाई! हेलनबाई! कुठं आहात?

हेलन : इथं. हिला धरून बसलेय. खाली आणखी कुणी होतं का गं?

पंकजा : नाही. कुणी नव्हतं. रस्ता रिकामा होता.

चांगुणा : बाई, आत्ता मी तिथंच बसले हुते.

हेलन : हो.

चांगुणा : कमान गेली. दारबी गेलं. तुमची समदी शाळा गेली, अन् तुमी रडंना कशा?

हेलन : मला अजून काही कळतच नाहीये, चांगुणा.

पंकजा : बाई, हे कसं झालं ते मी सांगणार आहे. सगळ्यांसमोर. माझं नाव घेऊन.

हेलन : सांग. मीही येईन. पण आता मला उठवू नकोस, पंकजा. नुसती बस इथं माझ्याजवळ.